खेड्यातून ग्राफिक डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण: विदर्भातल्या पोरापोरींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला, प्रवेश परीक्षांचे फॉर्म निघाले की वणी, आरमोरी, मेहकर, अचलपूर अशा गावांहून फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली. तारखा आणि फी दरवर्षी बदलतात. त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच पाहा, सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

कोरल ड्रॉ, फोटोशॉप मला येतंच. मग पीजीला आणखी काय शिकवतात?

सॉफ्टवेअर तिथे जवळपास शिकवतच नाहीत. ते तुम्ही शिकून याल किंवा रात्री जागून शिकाल, असं धरलेलं असतं. शिकवतात ते अक्षर, मांडणी, चित्र आणि माहिती यांच्याबद्दल विचार करायला: पुस्तकाचं पान कसं वाचलं जातं, दवाखान्यातल्या पाट्या पाहून माणूस नेमका कुठे चुकतो, औषधाच्या पाकिटावर आधी काय दिसायला हवं. पहिल्या वर्षी असे छोटे छोटे स्टुडिओ (हातानं काम करत शिकायचे वर्ग), मध्ये उन्हाळी इंटर्नशिप, आणि शेवटी एकाच विषयावर कित्येक महिने चालणारा प्रकल्प, असा साधारण साचा असतो. प्रकल्पात आधी लोकांकडे जाऊन पाहायचं, विचारायचं, कच्चे नमुने करायचे, ते पुन्हा लोकांसमोर ठेवायचे. ऑर्डर आली की तासाभरात बॅनर काढून देण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना पहिलं सत्र फार संथ वाटतं.

एम.डेस. (मास्टर ऑफ डिझाइन) करावं की एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स)?

एम.एफ.ए. साधारणपणे बी.एफ.ए. झालेल्यांसाठी. तिथे विषयाचं नाव अप्लाइड आर्ट, म्हणजे उपयोजित कला. एम.डेस. इतर शाखांतून आलेल्यांनाही घेतं आणि त्यात अभ्यास, निरीक्षण, वापरणाऱ्या माणसाची चाचणी यांवर भर जास्त. कला महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल, तर एम.एफ.ए. सरळ रस्ता आहे. यूजीसी नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत व्हिज्युअल आर्ट हा विषय आहे आणि अप्लाइड आर्ट त्यातच येतं. कंपनीत किंवा स्टुडिओत काम करायचं असेल, तर माझा कल एम.डेस.कडे.

कॉलेजं कोणती? नावं नीट सांगा.

संस्थेगणिक अभ्यासक्रमाचं नाव बदलतं, त्यामुळे ‘ग्राफिक डिझाइन’ एवढंच शोधलं तर अर्धी यादी हातून जाते.

मुंबईत पवईला आयआयटीचं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन आहे, १९६९ सालचं. तिथे नाव कम्युनिकेशन डिझाइन. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६१ ची. तिथे मात्र थेट ग्राफिक डिझाइन या नावानंच एम.डेस. आहे. गुवाहाटी, दिल्ली, कानपूर, हैदराबाद या आयआयटींतही एम.डेस. आहे, प्रत्येकाचा झोक निराळा. चंद्रपूर-बल्लारशाहकडच्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ पडतं, हे पुष्कळांच्या डोक्यातच येत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडच्यांसाठी जबलपूरची ट्रिपलआयटीडीएम ही केंद्राची तंत्रशिक्षण संस्था आहे, तिथलं एम.डेस. वस्तू आणि यंत्रांकडे जास्त झुकलेलं आहे, हे मात्र आधी लक्षात घ्या. एम.एफ.ए.साठी मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून तिथल्या प्रवेशाचे जुने नियम सिनियरकडून ऐकून अर्ज भरू नका.

खासगी संस्था पुण्या-मुंबईत ढिगानं आहेत. काही चांगल्या आहेत. पण फी भरण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं काम मागून बघा. दाखवायला टाळाटाळ केली, तर उत्तर मिळालं.

मी बी.एस्सी. ॲग्री केलं आहे. माझी मैत्रीण साधी बी.ए. आहे. आम्हाला चालेल का?

परीक्षेला बसायला चालेल. आयआयटींच्या एम.डेस.साठी सीड (CEED) ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कुठल्याही शाखेची पदवी किंवा पदविका तिला पुरते. वयाची अट नाही, कितीदा द्यायची याचीही नाही. एनआयडीला मात्र वयाची अट असते.

पण परीक्षेला बसता येणं वेगळं आणि प्रवेशाला पात्र असणं वेगळं. काही संस्था चार वर्षांची पदवी मागतात, किंवा तीन वर्षांच्या पदवीवर एम.ए., एम.एस्सी. मागतात. ॲग्रीची पदवी चार वर्षांची आहे, त्यामुळे तुमचं गणित सोपं. मैत्रिणीनं प्रत्येक संस्थेचं पात्रतेचं पान वेगळं वाचावं, आणि ते फॉर्म भरण्याआधी वाचावं. चांगले गुण पडून नंतर या अटीवर अडलेली मुलं दरवर्षी भेटतात.

जी.डी. आर्ट (कलेची सरकारी पदविका) झालंय, पदवी नाही. संपलं का सगळं?

नाही. सीडच्या नियमांत जी.डी. आर्टचा स्वतंत्र उल्लेख आहे: दहावीनंतर पाच वर्षांचा तो अभ्यासक्रम आणि त्यावर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसह घ्या. तुम्ही प्रेसमध्ये काम करत असाल, तर मालकाकडून ते आत्ताच लिहून घ्या. पुढे त्याच्याशी बिनसलं तर मिळणार नाही.

सीडचा पेपर कसा असतो?

तीन तासांचा, साधारण जानेवारीत. नागपुरात केंद्र असतं. पहिला भाग एक तासाचा, संगणकावर: आकृत्या डोक्यात फिरवून पाहणं, तर्क, निरीक्षण, थोडं सामान्यज्ञान, काही प्रश्नांना उणे गुण. दुसरा भाग दोन तासांचा, कागदावर हातानं. त्यात चित्र काढायचं, कल्पना सुचवायच्या, एखादी अडचण ओळखून मांडायची. पहिल्या भागात ठरलेली रेषा ओलांडली, तरच दुसरा भाग तपासला जातो. म्हणून ‘माझं ड्रॉइंग भारी आहे’ एवढ्यावर राहू नका. निकाल मार्चच्या आसपास लागतो. मग प्रत्येक संस्थेत स्वतंत्र अर्ज, त्यानंतर पोर्टफोलिओ (आपल्या निवडक कामांचा संच) आणि मुलाखत.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेल्यांना एक सांगतो. तिथलं स्थिरचित्र आणि संकल्पचित्र हात तयार करतं, ते वाया जात नाही. पण सीडमध्ये समोर काहीच ठेवलेलं नसतं. झाडावर बसलेल्या माणसाला खालचा बाजार कसा दिसेल, अशा तऱ्हेचं काढायचं असतं. याच्या सरावाला एसटी स्टँडसारखी जागा नाही. एकाच फलाटाचं चित्र बाकड्यावर बसून काढा, मग गाडीच्या टपावरून ते कसं दिसेल ते मनानं काढा, मग बाकाखाली झोपलेल्या कुत्र्याच्या नजरेतून. माणसं उभी, बसलेली, पिशवी उचलणारी, पोराला कडेवर घेतलेली. चेहरे नाही जमले तरी चालतात. अंगाची ठेवण चुकली की चित्र पडतं.

क्लास लावायला नागपूर-पुण्याला जाऊ का?

पहिल्या प्रयत्नाला तरी नको. सीडच्या संकेतस्थळावर मागचे पेपर फुकट आहेत. आयडीसीनं डीसोर्स नावाचं संकेतस्थळ केलंय, त्यावर टायपोग्राफीपासून बांबूकामापर्यंतचे धडे मोफत आहेत. घड्याळ लावून जुने पेपर सोडवा आणि दुसऱ्या भागाची उत्तरं अशा माणसाला दाखवा, जो तुमचं कौतुक करणार नाही. क्लासमध्ये एक चीज मिळते ती म्हणजे सोबत. गावात सोबत नसेल तर तालुक्यातले दोघे-तिघे शोधा आणि रविवारी बसा.

पोर्टफोलिओत काय ठेवू? माझ्याकडे तर लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स.

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून जरा सविस्तर.

मुलं काय करतात, तर इंटरनेटवरून पाहून एखाद्या काल्पनिक कॉफीच्या दुकानाचा लोगो, कपावर, पिशवीवर, टी-शर्टवर लावून ठेवतात. परीक्षकांनी तसली कॉफीची दुकानं शेकड्यानं पाहिलेली असतात. तुमच्या तालुक्याला कॉफीचं दुकान नाही. जिनिंग आहे, कृषी केंद्र आहे, संत्र्याची मंडी आहे, धानाचा गोदाम आहे. तिथलं घ्या.

फ्लेक्सचंच उदाहरण. साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर: मध्ये साहेब, वर वरचे साहेब, खाली शुभेच्छुकांचे चाळीस गोल फोटो, आणि कोणाचा फोटो कोणापेक्षा लहान झाला यावरून दुकानात भांडण. हसू नका, ही माहितीच्या उतरंडीची, म्हणजे आधी काय दिसावं आणि नंतर काय याची, खरीखुरी अडचण आहे. चाळीस माणसांना मान मिळाला पाहिजे आणि चालत्या मोटरसायकलवरून मजकूरही वाचता आला पाहिजे. तुम्ही ती कशी सोडवली, आधी काय होतं, गिऱ्हाईक काय म्हणालं, का नाकारलं, दुसऱ्यांदा काय बदललं, हे चार पानांत मांडलं तर तो पोर्टफोलिओ उभा राहतो. गिऱ्हाइकानं नाकारलेला नमुनाही ठेवा. बऱ्याचदा तोच सगळ्यात चांगला असतो.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या पोरांकडे तर झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. प्रत्येक प्रयोगाचं पोस्टर, हँडबिल निघतं: नाटकाचं नाव फुगीर, चमकत्या अक्षरांत, कलाकारांचे चेहरे ओळीनं, आयोजक मंडळ, तिकिटाचे दर, लावणीचा खास उल्लेख. याला ‘गावठी’ म्हणून नाक मुरडणारे शिक्षक भेटतील. तुम्ही एका हंगामाची पोस्टरं गोळा करा, तारीखवार लावा आणि बघा: कोणत्या कंपनीचं नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठं आहे, नायिकेचा फोटो कुठे बसतो, लांबून आधी काय वाचलं जातं. एवढं केलंत तरी मुलाखतीत बोलायला तासभराचं सामान झालं.

पानं किती? थोडी. चार-पाच कामं, पण प्रत्येकाची कच्ची रेखाटनं आणि कारणं सोबत. कारण सांगता येत नसेल, ते काम काढून टाका.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आपल्या भागावर घेतला तर चालतो का?

चालतोच, आणि तुमची बाजू तिथे भक्कम असते. इतरांना गाव ‘फील्ड व्हिजिट’ला जाऊन पाहावं लागतं.

एक विषय माझ्या फार जवळचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती. सगळा दोष लेबलवर टाकता येणार नाही. पण कीटकनाशकाची बाटली एकदा डिझायनरच्या डोळ्यानं हातात घ्या. लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. ही पद्धत कीटकनाशक नियम, १९७१ मधून आलेली आहे. आता विचार करा. सिग्नलवर हिरवा म्हणजे ‘जा’, आणि शेतात हिरवा म्हणजे चांगलं पीक. बाटलीवर मात्र हिरवा म्हणजेही विषच, फक्त बाकीच्यांपेक्षा कमी. निळ्याला तर रोजच्या जगण्यात धोक्याचा काही अर्थच नाही. त्यात घडी करून दिलेलं माहितीपत्रक: कित्येक भाषा, अक्षर बारीक, आणि ते वाचायचं कुठे, तर भर उन्हात बांधावर.

याच्याही पुढचा पेच असा की बाटली विकत घेतो मालक आणि फवारतो मजूर. मजुराच्या पाठीवर पंप असतो, समोर बादली असते. बाटली त्याच्या हाती येईलच असं नाही. मग सूचना बाटलीवर हवी, की पंपावर, की बादलीवर, की कृषी केंद्राच्या बिलावर? इथून प्रकल्प सुरू होतो. लेबल सुंदर करणं हा त्याचा शेवटचा आणि छोटा भाग.

दुसरा विषय गोंडी. या भाषेच्या दोन लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांच्या यादीत, आल्या आहेत, मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. दोन्हींचे गूगलचे नोटो फॉन्ट मोफत मिळतात. पण संगणकात अक्षर आलं म्हणून गडचिरोलीच्या शाळेत पुस्तक आलं असं होत नाही. मधलं सगळं काम अजून पडून आहे.

मी सगळं काम श्रीलिपीत करतो. अडचण येईल का?

येईल. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की चिन्हांचा कचरा होतो, कारण तो युनिकोड नाही. आजच इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्डवर युनिकोडमध्ये टाइप करायला लागा. बोटांना महिनाभर त्रास होईल, नंतर होणार नाही.

मग फॉन्ट निवडायला शिका. मुक्त आणि बलू हे एकटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत. वर्षानुवर्षं विंडोजवर दिसलेला मंगल हा र. कृ. जोशींचा, जे आयडीसीत शिकवायचे. कुठलाही देवनागरी फॉन्ट घेतला की तीन गोष्टी तपासा. ‘ल’ पाकळीचा येतो का, ‘श’ देठाचा येतो का, आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट पडतो का. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवलेला आहे. अनेक फॉन्टांत हे रूप आत दडलेलं असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच बाहेर येतं; नाहीतर हिंदी वळणाचं अक्षर छापून मोकळे. मुलाखतीत मराठी काम दाखवणाऱ्या मुलाला हे माहीत नसेल, तर कच्चेपणा लगेच दिसतो.

इंग्रजी कच्चं आहे.

पेपर इंग्रजीत असतो, त्यामुळे प्रश्न वाचून समजण्यापुरतं यायलाच हवं. जुने पेपर सोडवता सोडवता तेवढं येतं. मुलाखतीत छोटी वाक्यं बोला, अडलं तर ‘हिंदीत सांगू का?’ असं सरळ विचारा. पाठ केलेलं भाषण म्हणू नका. त्या मंडळींना तुमचं काम पाहायचं असतं. खरा त्रास आत गेल्यावर होतो, वाचन आणि अहवाल लिहिताना. त्यासाठी पहिल्या सत्रात एखाद्या वर्गमित्राशी गट्टी जमवा. तुम्ही त्याला ड्रॉइंग दाखवा, तो तुमचं लिखाण तपासेल.

खर्च कसा झेपेल? बाबांकडे चार एकर कोरडवाहू आहे.

सरकारी आणि खासगी संस्थांच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि एनआयडी सरकारी असूनही आयआयटीपेक्षा बरीच महाग. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असतं. सीडमधून एम.डेस.ला लागलेल्या पात्र विद्यार्थ्यांना अध्यापन-साहाय्याच्या बदल्यात दरमहा १२,४०० रुपये मिळू शकतात. ते सगळ्यांना मिळतातच असं नाही, संस्थेला विचारा. राज्यातल्या संस्थेत गेलात तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्त्या आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवरही नजर ठेवा. महाज्योतीचं कार्यालय तर नागपुरातच आहे.

दाखल्यांचं मात्र आत्ताच बघा. केंद्राच्या संस्थेला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, नॉन-क्रीमी लेयर त्या वर्षाचा लागतो, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यातला व्हीजे-एनटी असा वेगळा गट केंद्रात नाही; आपली जात तिथे कशात येते ते आधी शोधा. तहसीलमध्ये ‘केंद्र सरकारसाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचाच दाखला हातात पडतो.

लॅपटॉप कोणता घेऊ?

प्रवेश मिळेपर्यंत नवीन घेऊ नका. तयारीला कागद-पेन्सिल पुरते. सरावाला इंकस्केप, गिंप, क्रिटा मोफत आहेत. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देणारा प्रत्येक बाजारात आहे. त्याच्यासोबत व्हायरसही येतो.

घरचे म्हणतात, ‘एमपीएससी सोडून हे काहून करून रायला? फ्लेक्सच काढायचे होते तर एवढं शिकायचं कायले?’

त्यांचं चूक नाही. त्यांनी पाहिलेला डिझायनर म्हणजे चौकातला फ्लेक्सवाला, आणि त्याची उधारी कोणी देत नाही हेही त्यांनी पाहिलंय. भाषण देऊन उपयोग नाही. बिस्किटाचा पुडा, बियाण्याचं पाकीट, बँकेचं मोबाइल ॲप समोर ठेवा आणि सांगा की हे कोणीतरी पगार घेऊन बनवतं. आणि हेही खरं सांगा की दोन वर्षं घरी पैसे येणार नाहीत.

पुढे काम काय मिळतं? परत गावात येऊन करता येईल?

जास्तीत जास्त मुलं सध्या ॲप आणि वेबसाइटच्या कामात जातात, बंगलोर-पुणे-हैदराबादला. बाकीची ब्रँडिंग, पॅकेजिंग, प्रकाशनं, फॉन्ट, संग्रहालयं, शिकवणं यात. परत यायचं असेल तर निव्वळ गावाच्या गिऱ्हाइकावर घर चालवणं अवघड आहे. बाहेरची दोन-तीन कामं धरून ठेवून, इथे शेतकरी उत्पादक कंपनीचं तांदळाचं किंवा डाळीचं पाकीट करणारे जमवतात. आणि लग्नपत्रिका, बॅनर यांचंच दुकान वाढवायचं असेल, तर पीजीची गरज नाही. ते पैसे मशीनमध्ये घाला.

पहिल्या वर्षी नंबर नाही लागला तर?

सीडचा गुणांक एकाच वर्षासाठी चालतो, म्हणजे परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मधलं वर्ष प्रेसमध्ये, एखाद्या साप्ताहिकात किंवा नागपूरच्या स्टुडिओत काम करा आणि केलेल्या प्रत्येक कामाचा आधीचा-नंतरचा नमुना जपून ठेवा. मूळ फाइल पेनड्राइव्हवरही आणि मेलवरही ठेवा. दुकानातला संगणक फॉरमॅट करताना मालक तुम्हाला विचारणार नाही.